दुखत नसलेल्या दाढा

लग्न होऊन मी धुळ्याहून सावद्याला आले तेव्हा माझ्या सामानात एक लोखंडी पेटी होती. साड्यांच्या ट्रंकेपेक्षा ती जड होती. उतरवून घेणाऱ्या चुलतदिराने विचारलं, "वहिनी, यात दगडं भरलीत का?" मी म्हटलं, "नाही हो, दात उपटायचे चिमटे आहेत." त्याने पेटी होती तिथेच, अंगणात ठेवली आणि हात झटकले.

दातांची डॉक्टर सून म्हणून घरात येणं हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या भागात नवलच होतं. सासरचं घर केळीवाल्यांचं. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणे, सासूबाईंना अक्का. नानांनी बाजाराच्या रस्त्यावरच्या दोन खोल्या मला दवाखान्यासाठी रिकाम्या करून दिल्या. तिथे आधी खतांची पोती असत. भिंतींना दोनदा चुना मारला, फरशी फिनाईलने धुतली, तरी वर्षभर दवाखान्याला युरियाचा हलका वास येत राहिला. पेशंटांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटे, दातांच्या दवाखान्याला असाच वास असतो.

माझे यजमान नानांबरोबर केळीच्या बागा बघत. जळगावला कॉलेज करून आलेले, उंच, रुंद खांद्यांचे, हाताला कायम केळीच्या चिकाचे काळे डाग. कमी बोलत, पण मजुरांत आणि पोराटोरांत गेले की त्यांना कंठ फुटे. आमचं लग्न ठरवून झालेलं. पहिले काही महिने आम्ही एकमेकांशी फार जपून, पाहुण्यांसारखे वागत होतो. त्यांना माझ्या कामाचा अभिमान होता असं मला इतरांकडून कळे. मला ते स्वतः काही म्हणत नसत.

दवाखाना सुरू झाल्यावर त्याच आठवड्यात ते माझा जेवणाचा डबा घेऊन आले. मी एका आजोबांची दाढ काढत होते. पडदा बाजूला सारून यजमान आत डोकावले, आणि नेमकी त्याच क्षणी दाढ निघाली. पुढचं मी पाठमोरीच ऐकलं. डबा पडल्याचा आवाज, मग आणखी मोठं काहीतरी पडल्याचा आवाज. वळून पाहते तर केळीच्या घडांची अख्खी गाडी भरणारा माणूस फरशीवर आडवा! आजोबा तोंडात कापूस धरून खुर्चीतून उतरले आणि माझ्याआधी त्यांनीच पाणी मारलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत सावद्याच्या केळी-बाजारात पोचली. पुढे कितीतरी दिवस लोक त्यांना विचारत, "काय मग, दवाखान्यात जाय राह्यला का?" त्यानंतर ते डबा बाहेरच्या बाकावर ठेवून हाक मारत आणि निघून जात. पडद्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

दवाखाना चालत होता, पण एकाच कामावर. लोक गालाला हात लावून येत आणि म्हणत, "काढून टाका." मी सांगे, ही दाढ वाचेल, भरून देते. ते म्हणत, "नाही नाही, कटकट नको. काढूनच टाका." दहा वर्षांच्या पोरांच्या दाढा मी काढत होते. कायमच्या, सहाव्या वर्षी आलेल्या, ज्या माणसाला मरेपर्यंत पुरायला हव्यात त्या. आईबापांना वाटे की दुधाच्या आहेत, पुन्हा येतील.

त्या पहिल्या दाढेचं एक आहे. ती कोणाच्या लक्षात न येता मागच्या मागे उगवते, आणि तिच्या चावायच्या बाजूला खोल खाचा असतात. घासायच्या ब्रशचा केस तिथे शिरत नाही, काडीही नाही. गोड, चिकट काहीतरी अडकून राहतं आणि खाचेच्या कडेचं चकचकीत कवच आधी खडूसारखं पांढरं, निस्तेज होतं. दुखत नाही. खुपत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तिथे तपकिरी ठिपका येतो, मग खड्डा, आणि मग माणूस गालाला हात लावून येतो. आम्हाला कॉलेजात शेवटच्या वर्षाला एका सरांनी शिकवलं होतं, की पांढरेपणा असतानाच ती खाच रेझिन नावाच्या प्लास्टिकसारख्या लेपाने बुजवून टाकली तर कीड तिथेच थांबते. त्याला कोरायचं नाही, टोचायचं नाही. दाढेवर एक आंबट औषध लावायचं, धुवायचं, कोरडं करायचं, आणि दोन बाटल्यांतले थेंब कालवून ते पातळ रेझिन खाचेत सोडायचं. दोन-तीन मिनिटांत ते आपोआप घट्ट होतं. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही.

त्या दोन बाटल्या मी मुंबईहून मागवून आणल्या होत्या. त्या घरातल्या फ्रीजच्या दारात, तुपाच्या भांड्याशेजारी ठेवलेल्या असत. अक्कांना कित्येक दिवस ते डोळ्यांचे थेंब वाटत होते. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पोराचं दुखत नाही?"

"नाही दुखत, अक्का. दुखायच्या आधीच लावायचं."

"ज्याचं दुखत नाही त्याले डॉक्टर कायले पाह्यजे व माय?"

सगळ्या गावाचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला होता. बाटल्या तशाच राहिल्या. मी अधूनमधून त्यांच्यावरची मुदत वाचायची आणि पुन्हा दार लावायची.

कापणीच्या दिवसांत आमच्या बागेत सातपुड्याच्या पायथ्याकडची पावरा आदिवासी कुटुंबं कामाला येत. रावेरच्या वर, डोंगराला टेकलेल्या एका पाड्यातली दोन-तीन घरं तर नानांच्या वडिलांच्या वेळेपासून येत होती. त्यातली एक बाई, उंच, काटक, गळ्यात चांदीची जड माळ, एका सकाळी आपल्या थोरल्या मुलीला घेऊन ट्रॅक्टरवर बसून दवाखान्यासमोर उतरली. ट्रॅक्टर यजमान चालवत होते. मुलगी नऊ-दहा वर्षांची. तिचा उजवा गाल असा सुजला होता की डोळा अर्धा मिटला होता.

बाईला मराठी थोडी येई, पण माझं तिला कळत नसे आणि तिचं मला. यजमानांना मात्र लहानपणापासून या लोकांत वावरून त्यांची बोली चांगली अवगत होती. ते आत यायला तयार नव्हते. मग पडद्याबाहेर, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ते उभे राहिले आणि दोन्ही बाजूंचं बोलणं ओरडून इकडचं तिकडे करू लागले. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस कुणाशी भांडतोय.

मी आधी सुजेवर औषध दिलं. माय-लेकी बागेतल्या खोपीत राहिल्या. सूज ओसरल्यावर त्या परत आल्या आणि मी दाढ काढली, दुसरा इलाज उरला नव्हता. पोर एवढी शहाणी की तिने फक्त माझ्या कोपराला घट्ट धरून ठेवलं. दाढ मी तिच्या आईला दाखवली. तिने ती तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली आणि काहीतरी विचारलं.

पडद्याबाहेरून आवाज आला, "ती विचारतेय, दुसरी कधी येईल?"

"येणार नाही म्हणावं. ही कायमची होती."

मग त्यांनी ते तिला सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, पण मान खाली घालावीशी वाटेल असं. मग ती बरंच काही बोलली, आणि यजमानांनी या वेळी ओरडून नाही, हळू आवाजात सांगितलं, "ती म्हणते, हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं? आणि म्हणते, घरी धाकटी आहे. सहा-सात वर्षांची. तिची बघायला तू कधी येतेस?"

लग्नानंतर कुणीतरी पहिल्यांदाच मला दुखत नसलेल्या दाढेसाठी बोलावत होतं.

थंडी सुरू झाल्यावर आम्ही गेलो. नानांची जुनी जीप होती. रावेर मागे टाकलं की केळी संपते, कापूस आणि ज्वारी लागते, मग नुसती लाल माती, साग आणि मोहाची झाडं. पाड्यात शाळेची एकच खोली आणि पुढे लांब ओटा. विजेचा खांब उभा होता, तार यायची होती. गुरुजी चाळीसगावकडचे, एकटे राहणारे, गप्पांना आसुसलेले. त्यांनी सगळी पोरं ओट्यावर ओळीने बसवली. मी एक बाक उजेडाकडे ओढून घेतला. यजमान जीपमधून पाण्याचे हंडे उतरवून देऊन लांब एका चिंचेखाली जाऊन बसले.

त्या पोरांचे पुढचे दात बघून मला हेवा वाटला. कडुनिंबाच्या काडीने घासलेले, एकसारखे, शुभ्र. पण दात बघायचा छोटा आरसा मागे फिरवला की नव्या दाढांच्या खाचांत तेच. कुठे खडूसारखी रेघ, कुठे तपकिरी. पाड्याच्या तोंडाशी एक दुकान झालं होतं, तिथल्या रंगीत गोळ्यांची बरणी मी येतानाच पाहिली होती.

मी कामाला लागले. आंबट औषध लावलं, धुतलं, रबरी फुग्याने हवा मारून दाढ कोरडी केली. औषधाने ती जागा चुन्यासारखी पांढरी दिसू लागते, तशी दिसलीच पाहिजे. तेवढं जमे. पण मग मी थेंब कालवायला हात मागे घेतला की पोराची जीभ तिथे येई. काय लावलं ते चाखायला! पुन्हा धुवा, पुन्हा सुरुवात. गुरुजी मदतीला आले, पण त्यांचं एक लक्ष उरलेल्या पोरांवर, ते मध्येच "ए, खाली बस!" असं ओरडत आणि त्यांच्या हातातली थुंकी टिपायची कापसाची वळकटी पोराच्या घशाकडे सरके. संध्याकाळपर्यंत मी जेवढ्या मुलांच्या दाढा बुजवल्या, त्यांतल्या किती नीट कोरड्या होत्या हे मला तेव्हाच ठाऊक होतं. धाकटीचंही मी लावून दिलं. तिची आई शेजारीच उकिडवी बसून बघत होती.

महिन्याभराने तपासायला गेलो तेव्हा बहुतेकांचं रेझिन निघून गेलं होतं. धाकटीने मोठा आ केला. तिच्या एका दाढेत कोपऱ्यात एक तुकडा शिल्लक होता, नखाने उचकटला असता निघाला असता. मी ओट्याच्या कडेवर बसले. रडू येईल असं वाटत होतं, आणि समोर पोरं माझ्याकडे कौतुकाने बघत होती. त्या बाईने पोरीच्या तोंडात स्वतः डोकावून पाहिलं, माझ्या खांद्याला हात लावला आणि तिच्या मोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, "परत लाव."

परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये त्या दोन बाटल्या मांडीवर धरून बसले होते. यजमान म्हणाले, "काय झालं?"

"थुंकी लागली की ते धरत नाही. कोरडं राहायला पाहिजे. मला दोनच हात आहेत. एकाने आरसा धरायचा, एकाने औषध लावायचं, मग जीभ कोण धरणार? मला अजून दोन हात पाहिजेत. तेही शांत."

रावेरजवळ केळीने भरलेला एक ट्रक समोरून आला, त्याला वाट द्यायला त्यांनी जीप कडेला घेतली आणि तिथेच बंद केली.

"त्याच्यात रक्त येतं का?"

"कशात?"

"तू जे लावतेस त्याच्यात."

"नाही."

"सुई?"

"नाही. काहीच टोचायचं नसतं."

त्यांनी आपले हात स्टिअरिंगवर पसरून पाहिले. मग म्हणाले, "मग मी धरतो जीभ."

मला हसू आलं आणि मी ते आवरलं, कारण ते अगदी गंभीर होते. आज मागे बघताना वाटतं, आमचा संसार खरा त्या रस्त्याच्या कडेला सुरू झाला.

शिकवणी घरातच सुरू केली. पहिला धडा हात धुण्याचा. केळीचा चीक साबणाला दाद देत नाही. आधी रॉकेल, मग साबण, मग पुन्हा साबण. मग थेंब कालवणं. फ्रीजमधलं खरं औषध वाया घालवायचं नव्हतं, म्हणून बशीत एक थेंब दूध आणि एक थेंब मध घेऊन ते काडीने कालवत. बुडबुडा येऊ द्यायचा नाही, घाई करायची नाही. ते इतक्या सावकाश, इतक्या मन लावून कालवत, की बघणाऱ्याला वाटावं जिवाचं औषध चाललंय.

वळकट्या ठेवायची तालीम माझ्याच तोंडात झाली. एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून, मान मागे टाकून आ केला होता. ते गुडघ्यावर बसून, एका हातात टॉर्च धरून, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी माझा गाल बाजूला ओढत होते. तेवढ्यात अक्का ताकाचं भांडं घेऊन आत आल्या.

"काय करी राह्यले तुम्ही दोघं?"

मला बोलता येत नव्हतं. यजमान टॉर्च न हलवता म्हणाले, "अक्का, थांब जरा. दाढ ओली होईन."

अक्कांनी भांडं खाली ठेवलं. ओसरीवरून नानांचं खोकणं ऐकू आलं, मग त्यांच्या चपलांचा आवाज अंगणाकडे गेला. अक्का मात्र गेल्या नाहीत. त्या जवळ आल्या, वाकल्या आणि टॉर्चच्या उजेडात सुनेच्या तोंडात बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या तोंडात मिश्रीने काळे पडलेले चार-दोन दातच उरले होते. "किती दात शेत व माय तुले," त्या माझ्या माहेरच्या बोलीची नक्कल करत, 'आहेत'चं 'शेत' करून म्हणाल्या आणि आम्ही तिघंही हसलो. वळकटी माझ्या तोंडातून उडून ताकाच्या भांड्यात पडली.

संक्रांत झाल्यावर आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. या वेळी यजमान चिंचेखाली गेले नाहीत. त्यांनी बाह्या दुमडल्या, हात धुतले आणि माझ्या समोर, बाकाच्या पलीकडे उभे राहिले. पहिली पाळी त्या धाकटीची. तिला जुनं सगळं माहीत होतं, ती आपणहून आडवी झाली. मी औषध लावलं, धुतलं. त्यांनी वळकट्या अशा अलगद ठेवल्या की पोरीला कळलंही नसावं. मी फुग्याने हवा मारली. दाढ शुभ्र, कोरडी, चुन्याने सारवल्यासारखी. मी मागे वळले तर काचेवर थेंब कालवून तयार.

आता दोन-तीन मिनिटं पोरीने तोंड मिटायचं नव्हतं, जीभ हलवायची नव्हती. मोठ्या माणसालाही ते अवघड जातं. मला काही सुचायच्या आत त्यांनी तिच्या बोलीत गोष्ट सुरू केली. मला मधले मधले शब्दच कळले. केळीची बाग होती. बागेत बिबट्या आला होता. तो घडांमागे दडून बसला होता आणि कापणीवाला माणूस कोयता घेऊन पुढे पुढे जात होता. ओट्यावरची सगळी पोरं सरकत जवळ आली. धाकटीचे डोळे विस्फारले, तोंड तसंच उघडं. यजमान एकेक पाऊल गोष्टीत पुढे टाकत होते आणि डोळ्याने माझ्याकडे बघत होते. मी दात तपासायच्या बारीक सळईच्या टोकाने रेझिन चाचपून पाहिलं. घट्ट झालं होतं. मी मान हलवली.

त्यांनी गोष्ट तिथेच थांबवली.

"मग?" धाकटीने तोंड मोकळं होताच विचारलं. एवढं मलाही कळलं.

"पुढच्या दाढेला," ते म्हणाले.

त्या दिवशी पोरं रांग मोडून पुढे घुसत होती. बिबट्या दिवसभर केळीमागेच राहिला. एका दाढेला तो शेपटी हलवी, दुसऱ्या दाढेला जांभई देई, पण बाहेर काही येईना. ज्यांच्या दाढांना काही करायची गरज नव्हती ती पोरंही आ करून उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "बाई, माझ्या वर्गात एवढी शांतता कधी नसते."

दुपारनंतर एक गोष्ट घडलीच. एका चळवळ्या मुलाला शिंक आली आणि त्याने तोंड मिटलं ते थेट यजमानांच्या तर्जनीवर. त्यांनी बोट बाहेर काढलं. पेराच्या खाली दातांची अर्धी कमान उमटली होती आणि तिच्यातून रक्ताचा एक थेंब बाहेर आला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"खाली बसा," मी म्हटलं. "डोकं गुडघ्यांत घाला. बोटाकडे बघू नका."

ते ओट्यावर बसले. त्या मुलाला वाटलं आपण माणूस मारला, तो भोकाड पसरून रडू लागला. धाकटीच्या आईने पाण्याचा लोटा आणला, त्यांच्या मानेवर पाणी घातलं आणि बोटाला कसला तरी पाला चुरगळून बांधला. त्यांच्याशी ती काय बोलली ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "एवढासा थेंब. माझी पोर बघ, तिची अख्खी दाढ काढली, ती नाही रडली."

थोड्या वेळाने ते उठले. पुन्हा हात धुतले, पाल्यावरून रबरी बोटवा चढवला, आणि त्या रडणाऱ्या मुलालाच हाक मारली. "ये. तुझी अर्धी राहिली." त्याला बाकावर निजवून त्यांनी नवी वळकटी ठेवली. बिबट्याने त्या दाढेला म्हणे माणसाचं बोट चावलं.

उन्हाळ्याआधी तपासायला गेलो तेव्हा मी मुद्दाम धाकटीला पहिली बोलावलं. आरसा फिरवला, सळईने चाचपलं. खाच बुजलेली, गुळगुळीत, कडा एकजीव. दुसरी बाजू, तीच गोष्ट. एकेक करत मी सगळी मुलं पाहिली. कुठे-कुठे एखाद्याचं निघालं होतं, ते पुन्हा लावलं, पण बहुतेक जागच्या जागी होतं. मी आरसा धाकटीच्या आईच्या हाती दिला आणि उजेडाकडे धरून कसं बघायचं ते दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग थोरलीलाही जवळ बोलावलं, तिची उरलेली तिन्ही बाजूंची दाढ-न्-दाढ तपासली, आणि माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणाली. सगळा ओटा हसला. मी यजमानांकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, या बाईचा हात चांगला आहे, पण नवरा नसता तर काही जमलं नसतं."

ते सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही जाऊ लागलो. पाड्यावरून शेजारच्या पाड्यावर, तिथून आणखी पुढे. सावद्यातही हळूहळू आयाबाया पोरांना घेऊन यायला लागल्या. त्यात मोठा वाटा अक्कांचा होता. लग्नाकार्यात कुणाचं सहा-सात वर्षांचं पोर दिसलं की त्या त्याला धरून उजेडात नेत आणि तोंड उघडायला लावत. "मागे सफेत रेघ दिसते का पाह्य. दिसली तर सुनबाईकडे ने, दुखायची वाट पाहू नको." त्यांना रेघ दिसत नसे, चष्मा त्या घालत नसत. पण पोरं येत.

यजमान आता पडद्याच्या आत येत. दाढ काढायची असेल तेव्हा मी आधी सांगे, ते बाहेर जात. एरवी कापणी नसेल त्या दुपारी ते माझ्या समोर उभे असत. माझी आई धुळ्याहून राहायला आली होती, तिने हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "जवाई पोरेस्ना तोंडमा हात घालतस का वं?" मी हो म्हटलं. ती विचारात पडली. जाताना मात्र तिने त्यांच्यासाठी शिवून आणलेला सदरा मागून घेतला आणि बाह्या कोपरापर्यंत आखूड करून दिल्या. म्हणाली, "धुवाले सोपं."

पुढे जळगावच्या एका व्यापाऱ्याकडून निळ्या उजेडाचं यंत्र घेतलं. त्याने रेझिन काही सेकंदांत घट्ट होई, आणि दवाखान्यात ते सोयीचं होतं. पाड्यांवर मात्र आम्ही दोन बाटल्याच नेत राहिलो. वीज आली होती, पण ती कधी जाईल याचा नेम नव्हता.

धाकटी चौदा-पंधरा वर्षांची असताना आईबरोबर केळीच्या कापणीला आली होती. रावेरच्या वसतिगृहात राहून ती शाळा शिकत होती, सुट्टीत आलेली. आई तिला दवाखान्यात घेऊन आली. काही दुखत नव्हतं. नुसती बघायला आणली होती. मी तिला खुर्चीत बसवून दिवा लावला. दाढांवरचं रेझिन वरून झिजलं होतं, पण खाचांच्या तळाशी ते तसंच होतं आणि दाढा चारही शाबूत. मी यजमानांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपार झाली होती. अक्कांनी घरून निरोप पाठवला होता, की भरीत केलंय, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी गरम आहेत, सगळ्यांनी या. आम्ही दवाखान्याला कडी घातली आणि चौघं बाजाराच्या रस्त्याने चालत निघालो. धाकटी आईच्या पुढे, यजमानांशी बोलत, मोठ्याने हसत. अक्कांनी ओसरीवर पानं मांडली होती. भरितात हिरवी मिरची जास्त पडली होती, सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी दुसरी भाकरी कुणी नको म्हटलं नाही.